अप्पांचं न ऐकलेलं वाक्य

अप्पा, आज १४ नोव्हेंबर १९६१, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. मी दुकानात कॉफीच्या कच्च्या दाण्यांतले खडे वेचत होतो आणि आई डबा घेऊन आली. तिने मला एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर दिल्यापासून काम सुचत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो आहे. तुम्हाला जाऊन सहा वर्षं होत आली.

आठवीतून शाळा सोडून मी जॉर्ज टाउनमधल्या या दुकानात तुमच्या हाताखाली आलो, तेव्हा सोबत एक वही आणली होती. इथल्या तमिळ पंचांगातल्या कत्तिरीच्या कडक उन्हात एक घाणा किती मिनिटांत भाजतो, ऐप्पशीच्या पावसात दाणा ओल धरतो तेव्हा किती, मार्गळीच्या दवात किती, सगळं मी ऱ्हस्व-दीर्घ तपासून लिहून ठेवायचो. चुकण्याची मला फार भीती होती. तुम्ही मात्र रोज भट्टीवर ड्रम चढवण्याआधी मूठभर दाणे हातात घेऊन डोळे मिटून उभे राहत असा. तेवढा वेळ गिऱ्हाइकानेही थांबायचं. मग दांडा फिरवताना एक शब्द नाही. दाणा तडतडू लागला की तुमची मान किंचित कलते, ती मला आत्ताही दिसते आहे.

एकदा पावसाच्या महिन्यात तुम्ही पोती बघायला हार्बरवर गेला होता. वहीत एकोणीस मिनिटं होती. मी घड्याळ समोर ठेवून बरोबर एकोणीस मिनिटं दांडा फिरवला. दोन दिवस पाऊस उघडला होता, वारा कोरडा होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. दाण्यांचा कोळसा झाला. नेमक्या शेजारच्या गल्लीतल्या मामी पिशवी घेऊन आल्या. "काय रे, आज कॉफी देतोस की दंतमंजन?"

तुम्ही परत आल्यावर ड्रममध्ये डोकावलात. "महिना पावसाचा. आजचा दिवस पावसाचा आहे का?"

"वहीत एकोणीस होतं, अप्पा."

"वहीला नाक आहे का रे? हात दांड्यावर, डोळे घड्याळात, मन हार्बरात! दाण्यापाशी कोण होतं?"

तुमचं हे बोलणंही मी घरी जाऊन वहीत उतरवून घेतलं. समजून घ्यायचं तेवढं राहिलं.

त्याच वर्षी मार्गळीत तुम्हाला ताप भरला. डॉक्टर मला म्हणाले, दर तासाला ताप लिहून ठेव. हे काम माझ्याच हातचं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी आई आत तुमच्यासाठी तांदळाची कांजी करत होती. मी तुमच्या उशाशी बसून आकडा लिहीत होतो. एकशे तीनमधला तीन नीट आला नव्हता, तो गिरवत होतो. तुम्ही काहीतरी बोललात. मी मान न उचलता "हो अप्पा" म्हणालो. तुम्ही पुन्हा बोलला नाहीत. मला वाटलं, डोळा लागला. दिवेलागणीला तुम्ही गेलात. वहीत एवढंच आहे: "३ वाजून २० मि. ताप १०३. अप्पा काही बोलले."

दहाव्या दिवशी आईने विचारलं, "तू जवळ होतास. शेवटचं काय म्हणाले?" तिच्यापुढचं जेवणाचं पान न शिवलेलं, तसंच होतं. मी म्हणालो, "'तुझी आई जेवली का?' असं विचारलं." तिने डोळे पुसले आणि त्या दिवशी प्रथमच पोटभर जेवली. तेव्हापासून तंजावरच्या प्रत्येक नातेवाइकाला ती हे वाक्य सांगत आली आहे.

आता मी भाजताना वही उघडत नाही. मूठभर दाणे घेऊन डोळे मिटतो. पहिल्या वर्षी त्या मुठीत फक्त माझी धडधड कळायची. आता कधीकधी तीन श्वासांइतका वेळ मन तिथे टिकतं. पावसात मूठ जड लागते. कत्तिरीत दाणे हातात सुक्या शेंगांसारखे खुळखुळतात. शिकलो, पण उशिरा. दाणे रोज नवे येतात. ती दुपार येत नाही.

आज आईने डबा ठेवला आणि विचारलं, "का रे, ते 'तुझी आई' असंच म्हणाले, की माझं नाव घेऊन विचारलं?"

तीस वर्षांच्या संसारात तुम्ही तिला "ऐकलं का" एवढंच म्हणत आलात. मी हातातले दाणे खाली ठेवले आणि तिच्याकडे पाहिलं. तिचे केस सगळे पांढरे झाले आहेत. कधी झाले, मला ठाऊक नाही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. हा प्रश्न तिने किती दिवस जपून ठेवला असेल, ते मला तेव्हा कळलं.

"नाव घेऊन," मी म्हणालो.

"चल, काहीतरीच!" ती हसली आणि तोंड रस्त्याकडे वळवून तशीच उभी राहिली. पुष्कळ वेळ.

हे पत्र घरी नेता येणार नाही, आईला वाचता येतं. भट्टी पेटली की त्यात जाईल. तुमची माफी मागायला बसलो होतो, अप्पा. पण खरं सांगतो, तिने उद्या पुन्हा विचारलं तर मी पुन्हा हेच सांगणार.