नागलीएवढे ठिपके

जामसर, मंगळवार

जगनदादा,

बाबाच्या डोक्याचा फोटो काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "मेंदूभर नागलीच्या दाण्याएवढे ठिपके आहेत, टीबी वाटतो." गोळ्या सुरू झाल्या. आईने मात्र एवढंच धरलं, की नागली डोक्यात चढली. बारावी शिकलेली मी, तरी मीही म्हटलं, नागलीची भाकर बंद करू. चार महिने नुसता भात दिला. बाबा रोज विचारायचा, "सपने, भाकर नाय का?" मी सांगायचे, पीठ संपलं. कणगी भरलेली होती.

काल नाशिकला दुसरे डॉक्टर म्हणाले, टीबी नव्हताच. फुप्फुसातला कॅन्सर मेंदूत पसरलाय, फोटोत तो असा दाण्यांसारखा क्वचितच दिसतो. मी विचारलं, "मग नागली?" ते म्हणाले, "नागलीचं काय? ते नुसतं माप सांगितलं असेल."

आज भाकर केली. दुधात कुस्करून भरवली, तर बाबाने घास तोंडातच धरून ठेवला. गिळायचं विसरलाय तो. दमले रे मी.

हे पत्र तुला वसईला पाठवणार नाही. संध्याकाळी तुझा फोन येईल, बाबा जेवला का विचारशील. मी सांगेन, अख्खी भाकर खाल्ली.

तुझी,
सपना