मान वर केलेला बैल

सर, मी तुमच्यावर चिडलेली आहे आणि ते ऐकायला तुम्ही नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आपल्या वाशीमकडच्या मालेगावात तुमच्याबद्दल वाईट बोलणारं आता कोणी उरलेलं नाही. बाजारात मला थांबवून लोक अजून म्हणतात, "चित्रकलेच्या सरांनं घडवलं तुले." मी मान डोलावते. वाशीमला माझं डिझाइनचं दुकान आहे, बोर्ड, फ्लेक्स, पत्रिका, पाकिटं असं सगळं करते, तेव्हा काहीतरी घडवलं असेलच.

जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी पोळ्याचं चित्र काढायचं होतं. मी आमचाच बैल काढला. कंबरेची हाडं वर आलेला, एक कान फाटलेला. बाबांनी त्याच्यावर झूल टाकली होती, शिंगं रंगवली होती, गळ्यात घुंगरमाळ घातली होती, आणि तो आपला मान खाली घालून कडबा खात उभा होता. गावाचा सण चालला होता आणि याचं जेवण. मला त्याची ती बेफिकिरी फार आवडली होती, म्हणून तसाच काढला. तुम्ही माझ्या बाकामागे येऊन उभे राहता. "पोळ्याचा बैल असा असते काय? सरक जरा," म्हणता आणि माझ्या हातातली पेन्सिल घेता. मी सरकते. बाकाच्या टोकावरून मी पाहते, बैलाची मान वर जाते, वशिंड फुगतं, फाटका कान धड होतो, डोळे टपोरे होतात. कडबा तुम्ही खोडता आणि तिथे ओवाळणारी बाई काढता. मग पेन्सिल मला परत देता आणि खाली नाव लिहायला सांगता.

त्याला पहिला नंबर मिळाला. वाशीमच्या हॉलमध्ये आपल्या शाळेची चित्रं ओळीनं लावली होती आणि त्यातल्या सगळ्या गायींना, बायांना, एका सूर्यालासुद्धा तुमचेच डोळे होते. बाबा भाजी विकायला आले होते, तिथून डोक्याला रुमाल तसाच ठेवून चित्र पाहायला आले. बराच वेळ पाहिलं आणि हळूच मला विचारलं, "हा कोनाचा बैल व्हय?" बक्षीस देणारे साहेब माझ्या पाठीवर हात ठेवून उभे होते. 

आता ऐका, तुमच्यानंतर आपल्या या भागाचं काय झालं ते. चौकात मान वर केली की आभाळाच्या आधी फ्लेक्सवरचे चेहरे दिसतात. वाढदिवसाचे, निवडीचे, तेरवीचे. त्यातले निम्मे मी केलेत, आणि एकही माझा नाही. गिऱ्हाईक येतं ते समोरच्या खुर्चीत बसतच नाही, थेट माझ्या मागे येऊन उभं राहतं. साहेबांचा फोटो मोठा करा. अक्षर सोनेरी करा. मी कुठे थोडी जागा मोकळी सोडली की, "ताई, हे रिकामं कायले ठेवलं? पैसे तं तुमी पूर्ण फुटाचे घेता." मागच्या महिन्यात एक मुलगा वडिलांच्या तेरवीचा फ्लेक्स करायला आला होता. मागे उभा राहून म्हणाला, "बाबाले जरासे बारीक करा ना, कार्यकर्त्यायले जागा नाई उरून राह्यली." मी बारीक केलं. शहर कुरूप झालं म्हणून पेपरात लिहून येतं, तेव्हा लोक फ्लेक्सवाल्यांना नावं ठेवतात. खुर्चीमागच्या माणसाला कोणी काही म्हणत नाही. आणि माझ्या खुर्चीमागे पहिले येऊन उभे राहिलेले तुम्ही होतात, सर. सरकायचं कसं, हे मी तुमच्याकडून शिकले. रेषा शिकले की नाही, ते मला कळेनासं झालं आहे.

हे सगळं वर आलं ते केनवडच्या बायांमुळे. त्यांनी गटानं हळद दळायला घेतली आहे, तिच्या पाकिटावर चित्र हवं होतं. त्या समोर बसल्या, चहा घेतला. त्यांच्यातली थोराड बाई म्हणाली, "वावर आमी अजून बैलानंच वखरतो, म्हून बैल टाका. बाकी आमाले यातलं काई समजत नाई, तुमच्या मनानं करा." आणि खरंच उठून गेल्या. इतक्या वर्षांत हे वाक्य मला कोणी म्हटलं नव्हतं. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आमचा बैल काढायला बसले.

तो येईना. काही केल्या येईना. मान खाली काढायला घ्यावी तर हात आपोआप वर जाई. कोणता कान फाटका होता तेही आठवेना. आता विचारायला बाबा नाहीत, बैल तर केव्हाच गेला. कागद फाडले, स्क्रीनवर पुसलं, पुन्हा काढलं, आणि दर वेळी तोच तुमचा रुबाबदार, टपोऱ्या डोळ्यांचा बैल माझ्याकडे पाहत उभा. तुम्ही एक चित्र सुधारलं असं तुम्हाला वाटलं असेल. माझ्याजवळ त्या जनावराचं तेवढंच होतं, आणि त्याच्यावरून तुम्ही रबर फिरवलं.

शेवटी तोच दिला. बायांना फार आवडला. "लय मस्त जमला, ताई," म्हणाल्या, "खाली तुमचं नाव टाका ना." मी नको म्हटलं. त्यांना वाटलं, मी लाजते आहे.

हे पत्र छापून कुठे ठेवावं, एवढाही पत्ता माझ्याजवळ नाही. तुमचं घर विकलं गेलं, शाळेत कोणी ओळखीचं नाही, म्हणून ते कॉम्प्युटरमध्येच राहील. पाकिटं छापून आली आहेत, समोर गठ्ठा पडला आहे. बैल चांगलाच दिसतो. खाली नावाची जागा कोरी आहे. तिथे तुमचं नाव टाकायला हवं होतं, सर, पण तेवढं मोठं मन माझ्याजवळ नाही.