भावाची कवळी

दि. ९ मार्च, जेवणं उरकून ओटा पुसून झाल्यावर

फिटर भाऊजींना वहिनीचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुमच्या दादांच्या खुर्चीत आता मांजर बसतं. उठवलं तर दादांसारखंच गुरगुरतं. तुमचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे ते मी विचारत नाही, कारण मला तुमच्या गुडघ्याशी आज काम नाही.

मी सांगते आहे आणि सूनबाई लिहिते आहे. मला अक्षर येत नाही हे तुम्ही गल्लीभर सांगत फिरायचात. पण अक्षर नसणं वेगळं आणि अक्कल नसणं वेगळं. सूनबाई विचारते, "आई, एवढं कडू लिहू?" म्हटलं, लिही. गोड खाऊनच या घराण्याचे दात गेले.

नातीच्या वाढदिवसाला तुम्ही केक खाल्लात तो मी पाहिला. केक! ज्याला चावावंसुद्धा लागत नाही. तोही एकाच बाजूनं, डोळे मिटून, दुधाच्या घोटाबरोबर. विचारलं तर म्हणालात, "काही नाही वहिनी, हिरडीला जरा घासतंय. लवंग धरली की बसतं." कधीपासून? "झाला असेल महिना-दीड महिना." आणि लगेच छाती पुढं काढून सगळ्यांना ऐकवलंत, "जन्मात दातांच्या डॉक्टरची पायरी चढलो नाही!"

वा! पायरी चढला नाहीत आणि वरचा एकही दात स्वतःचा उरला नाही. विहिरीत पडलेल्यानं "मी काठ कधी धरला नाही" अशी फुशारकी मारावी, तसलं हे शौर्य.

मग नातीनं फोटोसाठी हसायला लावलं. तुम्ही हसलात. मी उठून आत गेले. पाणी प्यायला, असं तेव्हा सांगितलं होतं.

तुमच्या दादांची ती कवळी मी वर्षभर शोधत होते, भाऊजी. गाद्या उलटल्या, कपाटं ओढली. ते हत्यारं घेऊन बसले की कवळी काढून स्क्रूच्या डबीत ठेवायचे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. ते गेल्यावर तुम्ही हत्यारांची पेटी मागितलीत, मी म्हटलं न्या. पेटीत डबी गेली, डबीत कवळी गेली. पुढच्या दोन दातांतला एक दुसऱ्यावर किंचित चढलेला आहे ना? तो चुकून नाही तसा. यांचा मूळचा दातच तसा होता, म्हणून कवळीतही तसाच करून घेतला. डॉक्टरीणबाई म्हणाली, सरळ करते. हे म्हणाले, "नको. हसलो की बायकोला ओळखू आलो पाहिजे."

आलं मला ओळखू. तुमच्या तोंडात.

परवा फोनवर विचारलं तेव्हा तुम्हाला लाज तरी वाटावी! "वाया कशाला घालवायची, वहिनी? एका आईची लेकरं, जबडा एकच."

म्हटलं, बसली?

"जरा घट्ट होती. कानशीनं घासली."

मग?

"मग सैल झाली. मग तडकली. मग चिकटवली."

जन्मभर कारखान्यात यंत्रं जोडलीत. एका यंत्राचा भाग कुणी दुसऱ्यात ठोकून बसवला, की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचात. आणि स्वतःच्या तोंडात मेलेल्या माणसाचे दात, लोखंड घासायची कानस आणि वर गोंद! तुम्हाला फिटर कुणी केलं, देव जाणे. बाहेर बोलायचीही सोय नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

माझं म्हणाल तर मी दर सहा महिन्यांनी जाते. तुम्ही हसायचात, "वहिनी, उरलेत चार खुंट, त्यांना काय दाखवता?" दात गेले म्हणजे तोंड गेलं का? डॉक्टरीणबाई जीभ उचलून बघते, गालाच्या आत बघते, हिरड्या बोटानं चाचपते. पेनाएवढा कॅमेरा आहे तिच्याकडे. माझ्याच तोंडाची गुहा मला पडद्यावर दाखवते आणि मी लाजते. टोचायच्या आधी जागा बधिर करते. तुम्ही ऐकलेली ती पकडीची न् किंकाळ्यांची गोष्ट तुमच्या आजोबांच्या वेळची आहे. तीच उशाला घेऊन तुम्ही म्हातारे झालात. भित्रा माणूस आपल्या भीतीला कणखरपणा म्हणतो, एवढंच.

या खेपेला मी तिला तुमची गंमत सांगितली. वाटलं, हसेल. ती हसली नाही. हातातलं खाली ठेवलं. म्हणाली, "आजी, दोन आठवड्यांत भरली नाही अशी जखम घरी ठेवायची नसते." मग आणखी एक शब्द बोलली. म्हणाली, तसं असेलच असं नाही, पण बघितल्याशिवाय सांगता येत नाही. लवकर बघितलं तर पुष्कळ करता येतं. तो शब्द सूनबाई कागदावर घेत नाही, आणि मीही दुसऱ्यांदा उच्चारणार नाही.

गुरुवारी सकाळी दहाची वेळ घेतली आहे. तुमच्या नावानं. तुम्हाला विचारलेलं नाही.

इतकी वर्षं अहो-जाहो केलं, भाऊजी. सूनबाई, आता ते काढून टाक.

ऐक. मी लग्न होऊन आले तेव्हा तुझे दुधाचे दात पडत होते. हलणारा दात आईलाही दाखवायचा नाहीस. ओठ घट्ट मिटून माझ्या पदराशी उभा राहायचास. मी हात पुढं केला, की तोंड उघडायचास. तेव्हाही भित्राच होतास, पण शहाणा होतास.

एका आईची दोन लेकरं. एकाला मी पोचवून आले. दुसऱ्याला पोचवायचं बळ माझ्यात नाही.

कवळी डबीत घालून आण. ती माझी आहे, माझ्याकडे राहील. तोंडात घालून आलास तर उंबऱ्याच्या आत घेणार नाही. ते हसू मला तुझ्या तोंडात बघवत नाही.

गुरुवारी मी शेजारच्या खुर्चीत बसेन. हात पुढं करेन. तू आ कर.

तुझी वहिनी
(खाली अंगठा आहे. तो माझाच, सूनबाईचा नव्हे.)