साडूच्या भाषणात माझं नाव

चौसाळा, मंगळवार, जानेवारी १९९५, दिवेलागण

आज पाटोद्याला शिवलिंगचा सत्कार झाला. हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, माझा साडू. पुण्यात स्टॅबिलायझरची, म्हणजे विजेचा चढउतार सांभाळणाऱ्या डब्यांची कंपनी काढली, आता जिथं रंगीत टीव्ही तिथं त्याचा डबा. तसले डबे त्याच्या आधीपासून मी पुस्तकं वाचवाचून बांधतोय. हा माझं नाव घेणार न्हाई, मग मला हक्कानं रुसता येईल, असं धरून गेलतो.

तर त्यानं नाव घेतलं! वर उभं केलं. "हे आमचे अण्णा. पहिला डबा मी यांच्याकडं उघडून बघितला. पण अण्णा घरोघरच्या विजेचं माप घेऊन डबा बांधायचे. मी एकच डबा केला, सगळ्या घरांना चालणारा." लोक हसले, टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. काय करणार?

एकच डबा. मला कावून सुचलं न्हाई? नेकनूरची वीज वेगळी, आमची वेगळी, म्हणून मापं घेत बसलो. त्यात मजा लई यायची, हेही खरं.

निघताना म्हणाला, "अण्णा, बीड जिल्ह्याची विक्री तुमी सांभाळा. उद्या फोन करतो."

बसमध्ये ही म्हणाली, "तोंड कावून पाडलंय? एवढी इज्जत दिली की त्यानं."

"म्हणूनच."

माणूस गुणी हाय. त्याचं भलं व्हावं असं मनापासून वाटतं, फक्त माझ्यापेक्षा थोडं कमी. एकच डबा!

उद्या आधी न्हाईच म्हणीन. हातात कामं लई हायेत, असं सांगीन. पण त्यानं पुन्हा विचारलं पाहिजे. थोरल्या साडूला एकदाच विचारून कसं चालेल?