चार रेघी वहीतला सराव

जालना,
९ ऑगस्ट १९८७

चि. कौसल्या हिस अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे. खानावळीची भाजी बघितली की मायची आठवण येते. डी.एड.चे हे शेवटचे वर्ष, पास झालो की गुरुजी.

रामकिसनमामांबरोबर चार रेघी वही आणि शाईपेन पाठवले आहे. सातवीपर्यंत तू इंग्रजी सुटे लिहिलेस, आता जोडून लिहायला शीक. शब्द पुरा होईतो पेन उचलायचे नाही; टिंबे आणि आडव्या रेघा शेवटी. हात बसला की आबांना पटवून तुझा दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरतो. घरी बसून परीक्षा देशील, हा माझा शब्द. सरावाला माझ्या इंग्रजी पाठांची टाचणे देतो आहे, ती सुवाच्य उतरून काढ.

मायला, आबांना नमस्कार. तुझ्यावर लोभ आहेच, तो सांगायला नको.

तुझा दादा,
साहेबराव


अंतरवाली सराटी,
२७ सप्टेंबर १९८७

ती. दादास कौसल्याचा सा. न. वि. वि.

टाचणं उतरून झाली, झुंबरआत्याच्या हाती पाठवते आहे. इंग्रजी एफनं फार छळलं. वर एक फास, खाली एक फास. माझा खालचा फास म्हशीच्या दाव्यासारखा सुटायचा. आता सुटत नाही. तुझं अक्षर मात्र कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं आहे, राग मानू नकोस. पोरांना काय शिकवणार, देव जाणे!

मायचे गुडघे धरलेत, म्हणून पाणी-भाकरी उरकूनच वही घेते. माय विचारते, मी लिहून राह्यले का रांगोळी काढून राह्यले.

फॉर्मची तारीख जवळ आली म्हणतात. आबांशी बोललास का? मी बोलले तर ते नुसतं हूं करतील, तुझा शब्द मात्र ते खाली पडू देत नाहीत.

उत्तर लवकर दे आणि लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
कौसल्या


जालना,
८ नोव्हेंबर १९८७

चि. कौसल्येस आशीर्वाद.

दिवाळीत आबांना शेतावर गाठून विचारले. ते बिलकुल ऐकत नाहीत. भावकी काय म्हणेल, असे म्हणाले. तू हा विषय त्यांच्याजवळ काढू नकोस, बोलणी मलाच बसतील. मुदतही गेली, पुढच्या वर्षी बघू. मलाही वाईट वाटते.

सराव सोडू नकोस. आणखी टाचणे पाठवतो आहे, जरा जल्दी कर, डिसेंबरात तपासणी आहे.

लोभ आहे तसाच आहे.

साहेबराव


अंतरवाली सराटी,
१७ जानेवारी १९८८

साहेबराव यांस नमस्कार.

आबा परवा कापूस घालायला जालन्याला गेले होते, तेव्हा तुझ्या कॉलेजात डोकावले. तुझी टाचणं प्रदर्शनात मांडली होती आणि सुंदर अक्षराचं पहिलं बक्षीस तुला मिळालं होतं. त्यांनी चहाच्या टपरीवर पेढे वाटले. मलाही दिला, मी खाल्ला. बक्षीस मी तुला हसत देऊन टाकलं असतं.

मी सहज म्हटलं, आबा, तुम्ही हो म्हणाला असता तर मीही दहावीला बसले असते. ते म्हणाले, म्या कवा न्हाई म्हणलो? साहेबरावच म्हणला, तिला फॉर्म भरू देऊ नका, घरचं कोण करल, मायचे गुडघे असे. मंग म्या गप बसलो.

मायच्या गुडघ्यांचं निमित्त बरं सापडलं तुला! मी अभ्यासाला बसले असते तर तुझी टाचणं कोणी उतरली असती, हे मला भाकरी थापताना कळलं. दोन महिने मी आबांशी धड बोलले नाही. तू माझ्यासाठी भांडतोस म्हणून तुझ्या नावानं देवापुढे दिवा लावत होते. आबांनी खरंच नाही म्हटलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. तू फसवलंस, त्याचं काय करू?

आबा म्हणतात, यंदा ते स्वतः फॉर्म भरतील. पण बदनापूरचं स्थळ पक्कं होत आलंय, वैशाखात लग्न आहे. सासरचे परीक्षेला बसू देतील की नाही, कोण सांगणार? तू नंतर पाठवलेली टाचणं न उतरता परत पाठवली आहेत.

जूनमध्ये तू गुरुजी होशील. कुठल्या तरी गावात पोरी पाटी घेऊन तुझ्यासमोर बसतील आणि तू सांगशील ते त्यांना खरं वाटेल. मला त्यांची काळजी वाटते.

लोभ होता.

कौसल्या