माझ्या हृदयाचं फॉल्ट-फाइंडिंग

४ मार्च
आजपासून रोजनिशी. वाचणारा मी एकटाच, त्यामुळे खोटं लिहायचं काही कारण नाही.
परवा कामावर मशीनरूममध्ये नुसता पाना उचलला आणि छातीत ठोके सैरावैरा. जिन्यावर बसून राहिलो. मग आपोआप थांबले. फोरमनने घरी चुगली केली. आज हिने ओढत डॉक्टरकडे नेलं.
डॉक्टर आमच्या मुलीच्या वयाचा. एट्रियल फिब्रिलेशन म्हणाला. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडते. प्रकार तीन. पॅरॉक्सिझमल: येतो आणि आपला आपण जातो. पर्सिस्टंट: औषध किंवा शॉक दिल्याशिवाय हलत नाही. पर्मनंट: त्याला घालवायचा नाद सगळ्यांनी सोडलेला असतो. म्हणजे पाहुण्यांचेच प्रकार. माझा पहिला, सभ्य.
धोका एकच. कप्प्यात रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूत जाते आणि पॅरॅलिसिस. त्यासाठी रक्त पातळ करणारी गोळी, सकाळ-संध्याकाळ, चुकवायची नाही. आणि तुमचा ट्रिगर शोधा म्हणाला. प्रत्येकाचा वेगळा असतो. दारू, अपुरी झोप, घोरणं, ताण, भरपेट जेवण.
शोधा म्हणे. लिफ्टमधले फॉल्ट शोधण्यात माझं आयुष्य गेलं.

५ मार्च
पद्धत ठरली. आमच्या धंद्यात येऊन-जाऊन असणारा फॉल्ट सगळ्यात हरामखोर. मेकॅनिक पोचला की लिफ्ट शहाण्यासारखी चालते, त्याची पाठ वळली की पुन्हा अडकते. उपाय: एकेक लाइन बंद करत जायची. जी बंद केल्यावर फॉल्ट थांबेल ती गुन्हेगार.
उद्यापासून चहा बंद. संध्याकाळचे दोन पेग चालू. प्रयोगात काहीतरी स्थिर लागतं, त्याला बेसलाइन म्हणतात. हिने विचारलं, बेसलाइन चहा का नाही? अडाण्यांच्या तोंडी लागत नाही.

९ मार्च
चहाविना डोकं फुटायची वेळ. तरी काल ठोके आलेच. चहा निर्दोष सुटला. त्याच्या सन्मानार्थ दोन कप एकदम प्यायलो.

१४ मार्च
चार दिवस अर्धपोटी. ठोके आले. जेवण निर्दोष. बातम्या बंद करून पाहिल्या, त्याही निर्दोष. उरलेले संशयित: जिना, फोरमन, मेहुणीचे फोन.

१९ मार्च
मुलीने मनगटावर घालायचं घड्याळ पाठवलंय. लय बिघडली की टुणटुणतं. काल पहिला पेग संपताना टुणटुणलं. परवाही तेव्हाच. तेरवाही. घड्याळ एकंदरीत घाबरट स्वभावाचं आहे. काढून ड्रॉवरमध्ये टाकलं.

२२ मार्च
घड्याळ काढल्यापासून एकही नोंद नाही. सुधारणा उघड आहे.

२६ मार्च
दाढी करताना कापलं. रक्त थांबता थांबेना, टॉवेल वाया गेला. हा त्या गोळीचा प्रताप. आता विचार करू. गोळी ठोक्यांवर काहीच करत नाही, हे डॉक्टर स्वतः म्हणाला. म्हणजे ती या सर्किटमध्येच नाही. मग बाजूला ठेवली तर प्रयोग जास्त स्वच्छ होईल. महिनाभराचाच प्रश्न आहे.
हिला बोललो ती चूक. म्हणाली, लिफ्टचा सेफ्टी ब्रेकही रोज लागत नाही, म्हणून तुम्ही तो काढून ठेवता का? उदाहरण चुकीचं आहे. का चुकीचं ते सवडीने लिहीन.

२७ मार्च
ही समोर उभं राहून गोळी घ्यायला लावते. मी घेतो, गालात धरतो, आणि चूळ भरताना बेसिनमध्ये. तिचं समाधान, माझा प्रयोग. संसार असाच चालतो.

२ एप्रिल
परवा आलेले ठोके अजून मुक्कामाला आहेत. घाबरायचं कारण नाही, उलट बरंच झालं. येणारा-जाणारा फॉल्ट सापडत नाही, ठाण मांडून बसलेला लगेच सापडतो. म्हणजे मी आता प्रकार दोनमध्ये. प्रगती आहे.
डॉक्टरला कळवलं तर शॉक देतो म्हणेल. कारण न शोधता दुरुस्ती करणं हा नवशिक्यांचा उद्योग. ऑफिसचा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर धाप लागली. भिंतीला टेकून मोबाइल बघतोय असं दाखवलं. लिफ्टवाल्याने जिना चढायचा, कारण लिफ्ट बंद असते तेव्हाच त्याला बोलावतात. हा विनोद कुणाला सांगायला श्वास उरला नव्हता.

६ एप्रिल
सापडला.
ही म्हणते मी घोरतो. बत्तीस वर्षांत मी एकदाही ऐकलेलं नाही. वर म्हणते, घोरता घोरता तुमचा श्वासच थांबतो. ही जागी राहून वाट बघते, आणि नाहीच आला तर कोपराने ढोसते. रोज. एकाच रात्रीत कैक वेळा. आज सहज बोलता बोलता कबूल केलं.
म्हणजे माझी झोप कोण मोडतं? अपुरी झोप तर डॉक्टरच्याच यादीत आहे. काखेत कळसा आणि मी मेहुणीच्या फोनवर संशय घेत बसलो.

७ एप्रिल
हिला सांगितलं. रागावून नाही, पद्धतशीर. दोन आठवडे बहिणीकडे जा, तेवढी एक लाइन बंद करून बघू. तिने विचारलं, श्वास थांबला तर? मी म्हणालो, आजवर आपोआप सुरू झालाच की. ती म्हणाली, आपोआप नाही झाला.
बॅग भरायच्या आधी तिने डबे करून फ्रिजमध्ये लावले. कुठला आधी संपवायचा ते सांगितलं. गोळ्यांची पट्टी साखरेच्या बरणीला टेकवून ठेवली, डोळ्यांसमोर राहावी म्हणून. वाईट वाटलं. पण फॉल्ट-फाइंडिंगमध्ये भावना आणायच्या नसतात.

१० एप्रिल
तीन दिवस सलग झोप, कोपरविरहित. सकाळी डोकं जड आणि घशाला कोरड, पण ते हवामानामुळे. ठोके आहेत तसेच, मात्र आता मोकळेपणाने पडतात असं वाटतं. बेसलाइन दोनाची तीन झाली. विचारणारं कुणी नाही.
घर फार शांत आहे. सकाळी जाग आल्यावर तिच्या उशीवर हात गेला. सवयीचा परिणाम.

१३ एप्रिल, सकाळ
डावा हात झोपलाय. अंगाखाली आला असणार. कप दोनदा हातातून पडला. हल्ली कपांचे कान नीट करत नाहीत.
हिचा फोन. म्हणाली, तुमचं बोलणं जड येतंय, सकाळीच घेतली का? संताप आला. तोंड आरशात बघा म्हणाली. बघितलं. आरसा तिरका लागलाय. तसं सांगितलं तर रडायला लागली, आणि निघते, पोचायला संध्याकाळ होईल म्हणाली. मी म्हणालो, प्रयोग मोडू नकोस, सहाच दिवस झालेत की सात.
मग शेजारी दार वाजवत आला. हिनेच पाठवला. आतूनच सांगितलं, मी ठणठणीत आहे, तुम्ही तुमच्या कामाला जा. उठून कडी काढायचा कंटाळा आला होता. सज्जन माणूस, गेला.
झोप उत्तम झाली आहे, हे नोंदवून ठेवतो.

१७ एप्रिल
हॉस्पिटल. पेन मुलीकडून मागून घेतलं.
मी म्हणे संध्याकाळी स्वयंपाकघरात जमिनीवर सापडलो. सापडलो कसला, बसलो होतो. ही आणि मुलगी कुलूपवाल्याला घेऊन आल्या. चांगलं दार फोडलं.
सकाळीच आणलं असतं तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं, असं डॉक्टर मुलीला सांगत होता. मी झोपलोय असं समजून. मुलगी म्हणाली, घरी कुणी नव्हतं. लयीचं नंतर बघू म्हणाला.
मला दोन्ही हात वर करायला लावले. केले. त्याने कागदावर एकच मांडला. दुरुस्त करा म्हटलं तर मान हलवून गेला. असल्या माणसांच्या हाती लोकांचे जीव.
मुलगी म्हणते, मी पानाच्या मधूनच लिहायला लागतो, डावी बाजू कोरी सोडतो. पान आहेच एवढं.
एक तक्रार. अंथरुणात कुणाचा तरी हात आहे. जड आहे, अडचण होते. नर्सला सांगितलं, ज्याचा असेल त्याला देऊन टाका. ही बाहेर जाऊन रडली. हिला काय झालंय कळत नाही.

२३ एप्रिल
आज ही डावीकडे येऊन बसली. मला दिसत नव्हती, नुसता आवाज यायचा. तिने तो हात उचलला आणि माझ्या उजव्या हातात दिला. चाचपून बघा म्हणाली. बोटं. नखं. तळव्यावर लिफ्टच्या दोराने कापल्याचा व्रण. तिने तो हात चिमटून दाखवला. मला काही लागलं नाही.
हात माझाच आहे. हलत नाही.
भीती वाटते.
हिला म्हटलं, बहिणीकडे जाऊ नकोस. जीभ वळत नाही, तिला समजलं नाही. पुन्हा म्हटलं. तिने कान तोंडाजवळ आणला.