तो पलंग माझा होता

अण्णा,

परवा परभणीला आले होते. आपल्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान झालंय. शेजारच्या म्हाताऱ्या शिंप्यानं मला ओळखलं आणि म्हणाला, "तुमचे वडील म्हंजे देवमाणूस बगा. चार भावांचं घर एका चुलीवर चालवलं." मी मान हलवली. तुमच्याविषयी लोक असं बोलतात तेव्हा मी मानच हलवते. बसमध्ये बसले आणि मनातल्या मनात तुमच्याशी भांडण सुरू झालं, ते गंगाखेडला घरी पोचले तरी थांबेना. म्हणून लिहायला बसले.

शिंपी खोटं बोलत नव्हता. आजोबा गेले तेव्हा तुम्हाला मिसरूडही फुटलं नव्हतं आणि धाकटा काका रांगत होता. गावातली औतं-तिफणी दुरुस्त करून सुगीला जे धान्य मिळायचं, त्यावर तुम्ही तिघा भावांना वाढवलंत. मग परभणीला येऊन लाकडाच्या वखारीत राबलात, स्वतःचं फर्निचरचं दुकान काढलंत, मागे घर बांधलंत. पाटलाच्या घरी कामाला गेल्यावर सुतार म्हणून तुम्हाला ओसरीवर बसू द्यायचे नाहीत. तुम्ही केलेल्या खुर्चीवर त्यांचं कुत्रं बसायचं आणि तुम्ही खाली अंगणात, उन्हात. हे तुम्ही आम्हाला जेवताना सांगायचात. मी ते विसरले नाही. तुम्ही कसे विसरलात, एवढंच मला विचारायचं आहे.

हा धाकटा काका तुमचा भाऊ कमी आणि मुलगाच जास्त. आई लग्न होऊन आली तेव्हा तो नीट बोलतही नव्हता, तिनंच त्याला न्हाऊ-माखू घातलं. मोठा झाला तसा त्याचा हात असा काही बसला की त्यानं केलेल्या सांध्यावर तुम्ही डोळे मिटून बोट फिरवायचात आणि हसायचात, कारण सांधा लागायचाच नाही. तुम्हाला इतकं मोकळं हसताना मी दुसऱ्या कशावरही पाहिलं नाही.

तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराचं पेटलं होतं. गावोगाव दलित वस्त्यांमधली घरं जळाली होती. शहरात बंद पुकारला की दुकानाची एक फळी किलकिली ठेवून तुम्ही आत रेडिओ ऐकत बसायचात आणि म्हणायचात, "आपल्याला काय करायचंय? आपण धंदेवाले." ते शमल्यावर चुडाव्याच्या शाळेचं बाकांचं काम आपल्याला मिळालं आणि तुम्ही काकाला तिकडं पाठवलंत. तिथं एक मास्तरीण होती. बौद्ध. त्या जाळपोळीत तिच्या वडिलांचं घर गेलं होतं. बाकांचं काम संपलं तरी काका चुडाव्याला जात राहिला.

तो तिला घेऊन आला ती दुपार अजून माझ्यासमोर आहे. तुम्ही तिघं भाऊ जेवायला बसलेले, आई तव्यावरची भाकरी उलटतेय, मी वाढतेय. काका दारात उभा आणि त्याच्या मागे ती, डोक्यावर पदर घेतलेली.

"अण्णा, लग्न केलंय आमी. कचेरीत, सह्या करून."

तुम्ही वर पाहिलं नाही. त्याचं पान मांडलेलं होतं, ते तुम्ही हातानं दूर सारलंत. म्हणालात, "आजपासून आमी तिघं भाऊ." मधल्या दोन्ही काकांनी माना खाली घातल्या.

"मला मारा अण्णा, पर असं करू नका," काका म्हणाला. तो रडत होता. तेव्हा तिनं त्याची बाही धरली आणि हळूच म्हणाली, "चला." उंबरा तिनं ओलांडलाच नव्हता. आईची भाकरी तव्यावर जळून गेली. त्या भाकरीवरून तुम्ही आईला बोललात. काकावरून नाही, भाकरीवरून.

त्यानंतर घरात त्याचं नाव निघालं नाही. तो चुडाव्यातच राहिला, लोकांची दारं-खिडक्या करू लागला. माझं लग्न ठरल्याचं त्याला कुणी कळवलं, मला ठाऊक नाही. हळदीच्या आदल्या दिवशी टेम्पोतून पलंग आला. सागवानी, उशाशी ज्वारीची कणसं कोरलेली, दाणा न दाणा उठून दिसणारी. टेम्पोवाला म्हणाला, "नवरीसाठी हाय, तिच्या काकानं धाडलाय." तुम्ही जवळ गेलात. डोळे मिटून एका सांध्यावर बोट फिरवलंत. मला वाटलं, आता तुम्ही विरघळणार. तुम्ही गड्याला म्हणालात, "दुकानात लावा."

दुसऱ्या दिवशी हळदीच्या अंगानं मी मधल्या दारात उभी होते. दुकानात एक वकील पलंग न्याहाळत होता आणि तुम्ही त्याला सांगत होतात, "असं काम अख्ख्या परभणीत व्हायचं न्हाई, वकीलसाहेब. आमच्या घरचं काम हाय."

घरचं!

मी सगळ्यांदेखत म्हणाले, "अण्णा, तो पलंग माझा हाय. काकानं धाडलाय."

"कोन काका?" तुम्ही विचारलंत. शांतपणे, वकिलाकडं बघत. "पोरगी भांबावलीय. लग्नघर हाय."

मी सनमायकाचा पलंग घेऊन गंगाखेडला आले. पुढं एकदा स्टेशनवर काका भेटला, तेव्हा त्यानं पहिल्यांदा विचारलं, "पलंग हालत तर न्हाई ना गं?" मी म्हणाले, "न्हाई काका, लय छान हाय." हे खोटं तुम्ही मला बोलायला लावलंत. तो मरेपर्यंत मी ते बोलत राहिले.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच वर्षी तुम्ही गेलात. जाताना शुद्धीवर होतात. माझ्या भावाला, दादाला जवळ बोलावून सांगितलंत, "त्याला खांदा देऊ द्यायचा न्हाई." मरणाच्या दारात माणसाला एवढंच सुचावं? दादानं तुमचा शब्द पाळला. काका चुडाव्याहून रेल्वेनं आला होता. तो समोरच्या चहाच्या टपरीपाशी उभा राहिला आणि तुम्हाला उचलल्यावर सगळ्यांच्या मागून, अंतर ठेवून चालत गेला. आम्ही बाया दारातून बघत होतो. आई मोठ्यानं रडली. कुणासाठी, ते मी तिला कधी विचारलं नाही.

तेरावं झालं आणि मी चुडाव्याला गेले. त्याला सांगायचं होतं, सुटलास, आता कुणाला भिऊ नकोस. दार काकानंच उघडलं. त्याचं डोकं तुळतुळीत होतं. दहाव्याला एकटाच गोदावरीवर जाऊन सगळं करून आला होता.

माझा तोल गेला. "कशासाठी? कुत्र्यासारखं हाकललं त्यांनी तुला!"

काकूनं माझ्या हातात पाणी दिलं आणि म्हणाली, "मीबी हेच बोलले. ऐकत न्हाईत."

काका खाली बघत होता. "बोट धरून चालायला त्यानंच शिकवलं बाई," तो म्हणाला. "माझा बाप मला आठवत बी न्हाई. त्याच्यावर राग धरायचा, मंजी कुनावर धरायचा गं?"

मी चहा न घेता निघाले. काकू फाटकापर्यंत सोडायला आली. तो आला नाही.

काकाही आता नाही. आई नाही. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, तुमच्या फोटोपुढंही ठेवणार नाही. तुमच्यावरचा राग मला कधीच जड गेला नाही, तो हक्काचा आहे. जड जातं ते दुसरंच. तुम्ही न मागता काकानं तुम्हाला माफ केलं, आणि त्यासाठी मी त्याला अजून माफ करू शकलेले नाही.